कप्तानाची खुर्ची कुणाची?

विज्ञानकथा हा या स्तंभाचा विषय होऊ शकतो काय, असा प्रश्न आमच्या काही वाचकांना पडणे स्वाभाविक आहे. विद्यार्थ्यांच्या शिष्यवृत्त्या रखडतात, अत्याचाराचे खटले वर्षानुवर्षे पडून राहतात, गटारात उतरलेला सफाई कामगार जिवंत वर येईल याची खात्री नसते. अशा काळात परग्रहावरची माणसे आणि अंतराळयाने घेऊन चळवळीने काय करायचे? प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर दिलेच पाहिजे. विज्ञानकथा हा उद्याच्या समाजाचा नकाशा असतो. गाव वसवताना कुणाची घरे वेशीच्या आत आणि कुणाची वेशीबाहेर हे आधी ठरते, भिंती नंतर उभ्या राहतात. उद्याच्या जगाचेही तसेच आहे. त्या जगात यान कोण चालवणार, हुकूम कोण देणार आणि कोण फक्त हुकूम पाळणार, हे आजच्या लेखकाच्या आणि संपादकाच्या टेबलावर ठरते. लाखो मुले ते वाचतात, पडद्यावर पाहतात आणि जग असेच असते असे समजून मोठी होतात.

अमेरिकेतील कृष्णवर्णीयांनी ही गोष्ट फार लवकर ओळखली आणि त्या नकाशात आपली जागा मिळवण्यासाठी शंभर वर्षे झगडा दिला. हा झगडा आपल्याला माहीत असला पाहिजे, कारण त्यांच्या लढ्याशी आपल्या लढ्याचे नाते जुने आहे.

सुरुवात इंग्लंडपासून करावी लागते. एच. जी. वेल्स यांची 'द वॉर ऑफ द वर्ल्ड्स' ही कादंबरी १८९८ साली पुस्तकरूपाने आली. मंगळावरचे प्राणी इंग्लंडवर चालून येतात, त्यांच्या यंत्रांपुढे जगातली सर्वांत बलाढ्य सत्ता पालापाचोळ्यासारखी उडून जाते, अशी ही कथा. पहिल्याच प्रकरणात वेल्स यांनी टास्मानिया बेटावरील मूळ रहिवाशांच्या संहाराची आठवण करून दिली आहे. गोऱ्या वसाहतवाल्यांनी टास्मानियात जे केले तेच मंगळवासी लंडनमध्ये करत असतील तर तक्रार कोणत्या तोंडाने करायची, हा त्यांचा सवाल आहे. साम्राज्याच्या भरभराटीत हा सवाल विचारणे सोपे नव्हते. पण त्याच वाक्यात टास्मानियन माणसाला पूर्ण माणूस म्हणताना त्यांची लेखणीही अडखळली आहे आणि तो समाज पुरता नष्ट झाला असे त्यांनी गृहीत धरले आहे. प्रत्यक्षात त्या मूळ रहिवाशांचे वंशज आजही तेथे आहेत आणि आपल्या हक्कांसाठी भांडत आहेत.

पुढच्या काळातल्या स्वस्त मासिकांनी आणि चित्रकथांनी वेल्स यांची ही टोचणीही सोडून दिली. परग्रहावरचा शत्रू म्हणजे आपल्याला ज्याची भीती किंवा किळस वाटते तो माणूस, असे सोपे समीकरण झाले. १९३४ साली सुरू झालेल्या 'फ्लॅश गॉर्डन'मधला खलनायक आठवा. ग्रहाचे नाव मोंगो, हुकूमशहाचे नाव मिंग, मिशा आणि पोशाख पूर्वेकडचा! हा फ्लॅश गॉर्डन इंद्रजाल कॉमिक्समधून आपल्याकडेही आला, आणि गोऱ्या नायकासाठी टाळ्या वाजवताना आपण कुणाच्या पराभवाला टाळ्या वाजवतो आहोत, हे आपल्या मुलांना कुणी सांगितले नाही. १९४१ साली रॉबर्ट हाइनलाइन यांची 'सिक्स्थ कॉलम' ही कादंबरी क्रमशः प्रसिद्ध झाली. मूळ कल्पना होती 'अस्टाउंडिंग' मासिकाचे संपादक जॉन कॅम्पबेल यांची. आशियाई फौजा अमेरिका जिंकतात आणि उरलेले मूठभर अमेरिकन शास्त्रज्ञ असा किरण शोधून काढतात की जो वंश पाहून माणूस मारतो. विज्ञानाच्या नावाने वंशद्वेष कुठवर जाऊ शकतो याचा हा नमुना आहे. कॅम्पबेल हे नाव वाचकांनी लक्षात ठेवावे, ते पुढे पुन्हा येणार आहे.

या सगळ्याच्या आधी, १९२० साली, एका कृष्णवर्णीय विचारवंताने एक छोटी कथा लिहिली होती. डब्ल्यू. ई. बी. ड्युबॉइस यांचा 'डार्कवॉटर' हा ग्रंथ त्या वर्षी निघाला, त्यात 'द कॉमेट' नावाची कथा आहे. न्यूयॉर्कमधील एका बँकेत जिम नावाचा कृष्णवर्णीय निरोप्या काम करतो. जिथे कुणी प्रतिष्ठित माणूस उतरणार नाही अशा खालच्या तळघरात त्याला पाठवले जाते. तेवढ्यात धूमकेतूच्या शेपटातील विषारी वायूने शहर मरून पडते. तळघरात होता म्हणून जिम वाचतो. सगळ्या शहरात त्याला एकच जिवंत व्यक्ती भेटते, ती म्हणजे श्रीमंत घरातील एक गोरी तरुणी. काल ज्या हॉटेलात त्याला उभे केले नसते, तेथे तो जेवण घेतो. काही तासांपुरती ती दोघे एकमेकांकडे नुसती माणसे म्हणून पाहू लागतात. आणि मग कळते की फक्त न्यूयॉर्क मेले आहे, बाकीचे जग शाबूत आहे. तिचा बाप येतो, होणारा नवरा येतो. जमलेल्या गर्दीत जिमला फासावर लटकवण्याची भाषा सुरू होते. तिचा बाप त्याच्या हातात पैसे ठेवतो आणि एका क्षणात जिम पुन्हा निरोप्या होतो.

वर्णभेद मोडायला जग बुडावे लागते आणि जग परत आले की तोही परत येतो, हे ड्युबॉइस यांनी मोजक्या पानांत सांगितले. संकटकाळी एकत्र येणे आणि समतेने राहणे यातले अंतर त्यांनी नेमके पकडले. पूर आला, भूकंप झाला की गावातली माणसे एका छपराखाली झोपतात आणि पाणी ओसरले की पाणवठे पुन्हा वेगळे होतात, हा अनुभव आपल्याला नवा नाही. हेच ते ड्युबॉइस, ज्यांना बाबासाहेबांनी जुलै १९४६ मध्ये पत्र लिहिले होते. अमेरिकेतील कृष्णवर्णीय आपला प्रश्न संयुक्त राष्ट्रांकडे नेत असल्याचे वाचून बाबासाहेबांनी त्या निवेदनाची प्रत मागवली आणि अस्पृश्यांची व कृष्णवर्णीयांची स्थिती किती सारखी आहे याचा उल्लेख केला. ड्युबॉइस यांनी त्याच महिन्यात उत्तर पाठवले. १९१३ ते १९१६ या काळात कोलंबिया विद्यापीठात शिकताना बाबासाहेब ज्या न्यूयॉर्कमध्ये राहिले, तेच शहर ड्युबॉइस यांनी आपल्या कथेत बुडवले होते.

१९५३ साली 'वीअर्ड फँटसी' या चित्रकथा मासिकात 'जजमेंट डे' ही गोष्ट आली. लेखक अल फेल्डस्टीन, चित्रकार जो ऑर्लँडो. पृथ्वीवरून एक तपासनीस यंत्रमानवांच्या ग्रहावर जातो. तो ग्रह आकाशगंगेच्या महासंघात घेण्याच्या लायकीचा झाला आहे काय, हे त्याला ठरवायचे असते. तेथे नारिंगी आणि निळे असे दोन प्रकारचे यंत्रमानव आहेत. कारखाना पाहताना त्याला कळते की आतली यंत्रणा दोघांचीही एकच, फरक आहे तो वरच्या पत्र्याच्या रंगाचा. तरीही निळ्यांची वस्ती वेगळी, त्यांना बसमध्ये जागा मागे, कामे हलकी. हा ग्रह अजून लायक नाही असा निर्णय देऊन तपासनीस यानात परततो आणि शेवटच्या चित्रात शिरस्त्राण काढतो. तो कृष्णवर्णीय आहे!

खरी गोष्ट त्यानंतर घडली. चित्रकथांवर नियंत्रण ठेवणारी आचारसंहिता अमेरिकेत लागू झाल्यावर हीच कथा पुन्हा छापण्याची वेळ आली. संहितेचे प्रशासक चार्ल्स मर्फी यांनी हरकत घेतली की शेवटच्या चित्रातला माणूस कृष्णवर्णीय असता कामा नये. यंत्रमानवांच्या रंगभेदावर बोला, आमची हरकत नाही, पण तपासनीस गोरा करा. निवाडा करण्याच्या जागेवर काळा माणूस बसलेला त्यांना चालत नव्हता. प्रकाशक विल्यम गेन्स आणि फेल्डस्टीन यांनी माघार घेतली नाही आणि कथा १९५६ साली जशीच्या तशी छापली. वंशभेदाचा निषेध ऐकून घ्यायला व्यवस्था एक वेळ तयार होते, पण अधिकाराची खुर्ची द्यायची वेळ आली की तिचा आवाज बदलतो. या विषयातली सगळी गाठ येथेच आहे.

८ सप्टेंबर १९६६ रोजी अमेरिकन दूरचित्रवाणीवर 'स्टार ट्रेक' ही मालिका सुरू झाली. यानावर सुलू नावाचा आशियाई वंशाचा सुकाणू अधिकारी होता. तो साकारणारे जॉर्ज टकेई लहानपणी आईवडिलांसह तारेच्या कुंपणात राहिलेले होते, कारण दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने सुमारे १ लाख २० हजार जपानी वंशाच्या लोकांना छावण्यांत डांबले होते. शीतयुद्ध ऐन भरात असताना दुसऱ्या वर्षी यानावर चेकॉव्ह हा रशियन आला. स्पॉक अर्धा मानव, अर्धा परग्रहवासी. आणि दळणवळण अधिकारी होती उहुरा, एक कृष्णवर्णीय स्त्री. दूरचित्रवाणीवर कृष्णवर्णीय स्त्री म्हणजे मोलकरीण, या समजुतीला हा मोठा धक्का होता.

उहुराची भूमिका करणाऱ्या निशेल निकोल्स पहिल्या वर्षानंतर मालिका सोडण्याच्या बेतात होत्या. मिळणारी वाक्ये थोडी, त्यांतलीही कापली जायची. त्याच सुमारास एका कार्यक्रमात त्यांची डॉ. मार्टिन ल्यूथर किंग यांच्याशी भेट झाली. निकोल्स यांनी पुढे अनेकदा सांगितल्याप्रमाणे, ही मालिका आपण कुटुंबासह पाहतो असे सांगून डॉ. किंग यांनी त्यांना मालिका न सोडण्याचा आग्रह केला. जगाला आपण जसे असायला हवे तसे ती भूमिका दाखवते, ही जागा सोडली तर ती पुन्हा भरली जाईलच असे नाही, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. नागरी हक्कांच्या लढ्याचा सेनानी एका मालिकेतल्या नोकरीसाठी शब्द टाकतो, यातच या विषयाचे मोल आले. निकोल्स थांबल्या. १९७७ पासून त्यांनी 'नासा'साठी स्त्रिया आणि अल्पसंख्याकांची भरती व्हावी म्हणून देशभर प्रचार केला. १९७८ साली निवडल्या गेलेल्या ३५ अंतराळवीरांच्या तुकडीत स्त्रिया होत्या, कृष्णवर्णीय होते. त्याच तुकडीतले गाय ब्लूफर्ड १९८३ साली अंतराळात जाणारे पहिले आफ्रिकी अमेरिकन ठरले. १९९२ साली अंतराळात गेलेल्या पहिल्या कृष्णवर्णीय स्त्री मे जेमिसन यांनी आपल्या प्रेरणांमध्ये उहुराचे नाव घेतले आहे. कथेत दिसलेली खुर्ची प्रत्यक्षात येण्यास सुमारे पंचवीस वर्षे लागली. पण ती कथेत दिसली नसती तर किती लागली असती?

याच मालिकेत जानेवारी १९६९ मध्ये एक भाग दाखवला गेला. चेरॉन ग्रहावरचे दोघे जण यानावर येतात. दोघांचाही चेहरा अर्धा काळा, अर्धा पांढरा. एक दुसऱ्याला हजारो वर्षांपासून पकडू पाहतो आहे. कप्तान कर्क आणि स्पॉक यांना दोघांत काहीच फरक दिसत नाही. तेव्हा पाठलाग करणारा चिडून सांगतो की माझी उजवी बाजू काळी आहे, त्याची उजवी बाजू पांढरी आहे, एवढे उघड तुम्हाला दिसत कसे नाही? यान चेरॉनला पोचते तर तेथे कुणीच जिवंत नाही. एकमेकांचा द्वेष करून सगळा ग्रह संपलेला आहे. तरीही हे दोघे ओसाड ग्रहावर उतरून एकमेकांच्या मागे धावत सुटतात.

अमेरिकन प्रेक्षकाने ही कथा कातडीच्या रंगाची म्हणून पाहिली. भारतीय माणसाने ती पाहिली तर त्याला आपला गाव दिसेल. बाहेरून आलेल्याला गावातल्या दोन शेतकऱ्यांमध्ये, दोन मजुरांमध्ये काही फरक दिसत नाही, आणि गावातल्या पाच वर्षांच्या पोराला तो ठाऊक असतो! कातडीवर न दिसणारा हा भेद भारतीयांनी बोटीतून, विमानातून परदेशी नेला. २१ फेब्रुवारी २०२३ रोजी अमेरिकेतल्या सिअॅटल शहराच्या परिषदेने जातीवरून भेदभाव करण्यास बंदी घातली. असा कायदा करणारे ते अमेरिकेतले पहिले शहर. संगणकाच्या उद्योगाने गजबजलेल्या, उद्याचे जग घडवणाऱ्या शहराला चेरॉनचा रोग ओळखावा लागला, ही गोष्ट पुरेशी बोलकी आहे.

'स्टार ट्रेक'चे श्रेय मान्य करूनही एक प्रश्न विचारलाच पाहिजे. यानावर सगळ्या वंशांची माणसे होती, पण कप्तान कोण होता? गोरा अमेरिकन पुरुष. सगळे मिळून काम करतात आणि हुकूम एकाचा चालतो, याला सहकार्य म्हणता येईल, समता म्हणता येणार नाही. जातिव्यवस्था म्हणजे कामाची सोयीस्कर वाटणी, असे म्हणणाऱ्यांना बाबासाहेबांनी १९३६ साली उत्तर दिले होते. ही व्यवस्था काम करणाऱ्या माणसांचीच उतरंड लावते, हे त्यांनी दाखवून दिले. गावगाड्यातही सगळे एकमेकांवर अवलंबून होते. त्याला कुणी सहकार्य म्हणत असेल तर त्याने ते महाराच्या आणि मांगाच्या तोंडून ऐकावे.

कप्तानाची खुर्ची इतकी अवघड का होती, हे सॅम्युएल डिलेनी यांच्या अनुभवावरून कळते. न्यूयॉर्कच्या हार्लेममध्ये जन्मलेले डिलेनी हे विज्ञानकथेतले मोठे नाव. १९६७ साली त्यांनी 'नोव्हा' ही कादंबरी क्रमशः छापण्यासाठी कॅम्पबेल यांच्या मासिकाकडे पाठवली. नायक अंतराळयानाचा कप्तान, वडील नॉर्वेचे आणि आई सेनेगलची. कादंबरी परत आली. डिलेनी यांनी १९९८ च्या आपल्या लेखात सांगितले आहे की, कृष्णवर्णीय मुख्य पात्राशी आपले वाचक जुळवून घेऊ शकणार नाहीत, असे कॅम्पबेल यांनी त्यांच्या प्रतिनिधीला कळवले. वाचक दुसऱ्या आकाशगंगेतल्या, शेपटीच्या, आठ पायांच्या प्राण्याशी जुळवून घेतो, काळ्या माणसाशी नाही! वंशवादी संपादक आपला द्वेष नेहमी वाचकाच्या नावावर खपवतो. 'आम्हाला काही नाही हो, पण लोकांना चालणार नाही', हे वाक्य आपल्याकडे घर भाड्याने मागणाऱ्या प्रत्येक दलित कुटुंबाने ऐकलेले आहे.

'स्टार ट्रेक'च्या परिवारातील मालिकेचा प्रमुख नायक कृष्णवर्णीय व्हायला १९९३ साल उजाडले. 'डीप स्पेस नाइन'मधला सिस्को ही भूमिका अॅव्हरी ब्रूक्स यांनी केली. त्यांनीच दिग्दर्शित केलेला, फेब्रुवारी १९९८ मध्ये दाखवला गेलेला भाग प्रत्येक लेखकाने पाहावा असा आहे. सिस्को स्वतःला १९५३ सालच्या न्यूयॉर्कमध्ये बेनी रसेल नावाच्या कृष्णवर्णीय लेखकाच्या रूपात पाहतो. बेनी एका अंतराळ ठाण्याची आणि त्याच्या कृष्णवर्णीय कप्तानाची कथा लिहितो. संपादक छापायला तयार होत नाही. शेवटी तडजोड सुचते की हे सगळे एका गरीब काळ्या माणसाला पडलेले स्वप्न होते असे दाखवू. बेनी तेही मान्य करतो. तरीही मालक संपूर्ण अंक रद्दीत घालतो आणि बेनीला नोकरीवरून काढतो. स्वप्न म्हणून सुद्धा ते चालत नाही! शोषितांच्या स्वप्नाला प्रस्थापित एवढे का घाबरतात, हे या एका प्रसंगातून समजते.

सहकार्याच्या नावाखाली आणखी एक प्रकार विज्ञानकथेत फार चालतो, तो म्हणजे उद्धारकाचा. २००९ साली आलेल्या 'अवतार' या चित्रपटाने जगभर विक्रमी कमाई केली. पँडोरावरच्या नावी जमातीची जमीन खनिजासाठी लुटली जाते, आणि त्यांचा लढा उभा कोण करतो? लुटणाऱ्यांच्याच बाजूचा गोरा सैनिक. तो त्यांचे शरीर धारण करतो, थोड्याच दिवसांत त्यांच्याहून सरस योद्धा होतो आणि नेताही होतो. जमिनीच्या लुटीवर या चित्रपटाने बोट ठेवले हे खरेच. पण जमातीला स्वतःचा नेता स्वतःतून मिळू नये, ही कल्पना कुठून येते? ज्यांच्या आजोबांनी 'हरिजनोद्धारा'ची भाषणे ऐकली आणि त्या उद्धारात आपला आवाज कसा दाबला गेला ते पाहिले, त्यांना ही कथा ओळखीची वाटेल.

त्याच वर्षीच्या 'डिस्ट्रिक्ट नाइन' या चित्रपटात जोहान्सबर्गला आलेले परग्रहवासी झोपडपट्टीत कोंडले जातात आणि मग तेथूनही हुसकावले जातात. शीर्षकाला आठवण आहे ती केप टाऊनच्या डिस्ट्रिक्ट सिक्सची, जो भाग १९६६ साली केवळ गोऱ्यांसाठी जाहीर करून तेथल्या ६० हजारांहून अधिक लोकांना उठवण्यात आले. विषय जिव्हाळ्याचा आणि मांडणी धारदार. पण याच चित्रपटात नायजेरियन माणसे गुंड आणि नरभक्षक म्हणून दाखवली गेली आणि नायजेरियाच्या सरकारने त्यावर हरकत घेतली. एका भेदावर प्रहार करताना दुसऱ्या भेदाला खतपाणी घालण्याची ही चूक आपल्याकडच्या पुरोगाम्यांनीही नजरेआड करू नये.

खुर्चीचा प्रश्न मुळापासून विचारला तो दोन कृष्णवर्णीय लेखिकांनी. पहिल्या ऑक्टेव्हिया बटलर. जन्म १९४७, आई गोऱ्यांच्या घरी कामाला, मागच्या दाराने आत जाणारी. ते दार मुलीने पाहिले होते. १९७९ च्या 'किंड्रेड' कादंबरीत त्यांनी १९७६ सालच्या एका कृष्णवर्णीय लेखिकेला गुलामगिरीच्या काळातल्या मेरीलँडमध्ये नेले. तेथे तिला एका गोऱ्या मालकपुत्राचा जीव पुन्हा पुन्हा वाचवावा लागतो, कारण तो तिचा पूर्वज आहे, तो मेला तर ती जन्मणार नाही. १९८७ च्या 'डॉन'मध्ये अणुयुद्धात पृथ्वी उद्ध्वस्त झाल्यावर परग्रहवासी उरलेल्या माणसांना वाचवतात. मानवजातीचा दोष ते असा सांगतात की हा प्राणी बुद्धिमान आहे आणि त्याच वेळी उतरंड लावणारा आहे, आणि बुद्धी उतरंडीच्या सेवेला लागली की नाश ठरलेला. बाबासाहेबांच्या कोणत्याही विद्यार्थ्याला हे निदान तात्काळ पटेल. पण बटलर तेथे थांबत नाहीत. हे उपकारकर्ते माणसांचा वंशच बदलू पाहतात आणि नाही म्हणण्याचा हक्क ठेवत नाहीत. ज्याला नकार देता येत नाही त्याच्या होकाराला काय अर्थ, हा बटलर यांचा प्रश्न आहे. विज्ञानकथेतल्या सगळ्या 'सहकार्या'ची कसोटी त्यात आहे.

दुसऱ्या एन. के. जेमिसिन. त्यांच्या 'ब्रोकन अर्थ' मालिकेतल्या जगात भूकंप वारंवार होतात आणि ते शमवण्याची जन्मजात शक्ती काही माणसांकडे असते. त्यांच्यावाचून समाज एक दिवस टिकणार नाही. आणि तरीही त्यांनाच शिवीवजा नावाने हाक मारतात, लहानपणीच ठेचून मारतात किंवा पहाऱ्यात ठेवून राबवतात. ज्याच्या श्रमावर गाव जगतो त्यालाच गाव बाटगा ठरवतो! मेलेले जनावर ओढणाऱ्यांच्या, मैला उचलणाऱ्यांच्या नातवंडांना या कादंबऱ्यांचा अर्थ कुणी समजावून सांगण्याची गरज नाही.

जेमिसिन यांना २०१६, २०१७ आणि २०१८ अशी सलग तीन वर्षे सर्वोत्कृष्ट कादंबरीचा ह्यूगो पुरस्कार मिळाला. कादंबरीसाठी तो मिळवणाऱ्या त्या पहिल्या कृष्णवर्णीय. हा सन्मान सुखासुखी आलेला नाही. विज्ञानकथेत स्त्रिया, कृष्णवर्णीय आणि त्यांचे प्रश्न फार झाले, गुणवत्ता बुडाली, अशी ओरड करत एका गटाने २०१५ साली नामांकनेच ताब्यात घेतली. मतदारांनी पाच विभागांत कुणालाही पुरस्कार न देणे पसंत केले. 'गुणवत्ता बुडाली' ही ओरड आपल्या परिचयाची आहे. राखीव जागांचा विषय निघाला की तीच ऐकू येते. आणि कॅम्पबेल? त्यांच्या नावाने नव्या लेखकांना दिल्या जाणाऱ्या पुरस्काराचे नाव २०१९ साली बदलण्यात आले. त्या वर्षीच्या विजेत्या जनेट एन्ग यांनी व्यासपीठावरूनच त्यांच्या वंशवादाचा पाढा वाचला, त्यानंतर काही दिवसांतच हा निर्णय झाला.

आता आपल्या दाराशी येऊ. मराठी विज्ञानकथेला जयंत नारळीकर, बाळ फोंडके, लक्ष्मण लोंढे, निरंजन घाटे अशा लेखकांनी मान मिळवून दिला. मे २०२५ मध्ये निधन पावलेल्या नारळीकरांची एक गोष्ट प्रसिद्ध आहे. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला कथा पाठवताना त्यांनी नारायण विनायक जगताप हे नाव घेतले, कारण आपल्या कीर्तीचा परीक्षकांवर प्रभाव पडू नये. कथेला पारितोषिक मिळाले. हा प्रामाणिकपणा आदरास पात्र आहे. पण या देशात नाव झाकण्याची गरज सर्वांत जास्त कुणाला पडते? आडनाव ऐकताच ज्याचा अर्ज बाजूला ठेवला जातो, त्याला.

मराठी विज्ञानकथेत कृष्णविवरे आहेत, यंत्रमानव आहेत, काळातला प्रवास आहे. जात मात्र आमच्या वाचनात क्वचितच आली. कुणी म्हणेल, भविष्यात जात उरलेली नसेल, म्हणून ती कथेत नाही. उत्तम! पण ती गेली तर कशी गेली? कुणी घालवली? कोणता कायदा झाला, कुणी जमीन सोडली, कुणी देवळाची मालकी सोडली, किती आंतरजातीय लग्ने झाली, किती जणांना त्यासाठी मरावे लागले? यंत्राचा एकेक खिळा समजावून सांगणारी विज्ञानकथा समाजातील सर्वांत मोठ्या बदलाचे कारण एका ओळीतही देत नसेल, तर जात गेलेली नसते, फक्त झाकलेली असते.

ही कोंडी फुटू लागली आहे. कोलकात्याच्या दलित लेखिका मिमी मोंडल यांनी अलेक्झांड्रा पिअर्स यांच्यासह २०१७ साली बटलर यांच्यावरील पत्रांचा आणि लेखांचा ग्रंथ संपादित केला, त्याला २०१८ चा लोकस पुरस्कार मिळाला आणि ह्यूगोच्या अंतिम यादीतही तो होता. २०२४ साली चेन्नईच्या ब्लाफ्ट प्रकाशनाने जातिविरोधी विज्ञानकथांचे स्वतंत्र पुस्तकच काढले. दलित पँथरने १९७२ साली ब्लॅक पँथरकडून नाव आणि बळ घेतले आणि मराठी कवितेचा चेहरामोहरा बदलला. आत्मकथनाने आपला काल जगापुढे मांडला. उद्या मांडायचे काम बाकी आहे.

ते काम विहारांच्या आणि वसतिगृहांच्या वाचनालयांपासून सुरू होऊ शकते. महामानवांच्या चरित्रांशेजारी बटलर आणि जेमिसिन यांची पुस्तके ठेवली पाहिजेत. ज्यांचे इंग्रजी चांगले आहे त्यांनी ती मराठीत आणावीत. विज्ञान शाखेत शिकणाऱ्या आपल्या मुलामुलींनी प्रयोगशाळेतून घरी आल्यावर एक कथा लिहून पाहावी. ती परत आली तर डिलेनी यांना आठवावे, आणि 'नोव्हा' पुढच्याच वर्षी पुस्तकरूपाने निघाली हेही आठवावे. आपल्या मुलांचे भविष्य आपण लिहिले नाही तर ते दुसरे कुणीतरी लिहील, आणि त्या यानातही आपल्या वाट्याला झाडूच येईल. कप्तानाची खुर्ची कुणी आदराने रिकामी करून देत नाही, हे कृष्णवर्णीयांच्या शंभर वर्षांच्या झगड्याने सिद्ध केले आहे. ती आपल्या कथेत आपणच मांडायची असते, आणि तिच्यावर बसणाऱ्या मुलीला तिचे खरे आडनाव द्यायचे असते.